फोटो दाखवला म्हणजे देऊन टाकला, असं नाही

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

गेली नऊ वर्षं मी हौसेनं फोटो काढते. उजाडायच्या आत उठायचं, कॅमेरा घ्यायचा आणि गवतात बसून राहायचं. दवानं लगडलेली कोळ्याची जाळी, पानाखाली झोपलेली फुलपाखरं, घरट्यातली पिल्लं हे माझे विषय. त्यातले निवडक फोटो मी सोशल मीडियावर आणि एका फोटो-साइटवर टाकते. परवा एका ओळखीच्या बाईंकडे गेले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझाच फोटो! जाळ्याचा, खालच्या कोपऱ्यात एक धागा तुटलेला. शंकेला जागाच नाही. माझं नाव मात्र कुठेच नव्हतं. छापणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "नेटवर होता, तिथून घेतला."

मुलगा म्हणतो, फोटोवर आडवं मोठं नाव टाकत जा. मैत्रीण म्हणते, ज्या दिवशी साइटवर टाकलास त्या दिवशीच तो तुझा राहिला नाही, अटी मान्य करताना तूच लिहून दिलंस. मला तर सगळेच फोटो काढून टाकावेसे वाटतायत. पण मग दाखवायचे कोणाला? कोणीतरी बघतं, दोन शब्द लिहितं, त्यानं पहाटेच्या थंडीचं चीज होतं.

आणखी एक. शेजारच्या आजींचा एक फोटो मी टाकला होता. सुरकुतलेला चेहरा, खिडकीतून आलेला उजेड. माझ्या सगळ्या फोटोंत तो सर्वात गाजला. त्यांच्या नातीनं तो काढून टाकायला सांगितलं. मी काढला, पण मन खट्टू झालं. फोटो तर माझाच आहे ना?

तुमची,
एक हौशी छायाचित्रकार


उत्तर

प्रिय मैत्रिणी,

एका तुटक्या धाग्यावरून तुम्ही आपला फोटो ओळखलात, ते वाक्य मी दोनदा वाचलं. गवतात बसून ज्यानं तो धागा पाहिलाय त्यालाच तो भिंतीवर ओळखू येतो. तुम्हाला आलेला राग रास्त आहे. "नेटवर होता" हे त्या गृहस्थांचं उत्तर त्यांना फोटो कुठे सापडला एवढंच सांगतं. तो छापायची परवानगी त्यांना कोणी दिली, या प्रश्नाला ते हातच लावत नाही.

मैत्रिणीचं म्हणणं आधी घेते, कारण ते डोक्यात राहिलं तर पुढचं सगळं पाऊल अडखळत पडेल. फोटो काढला त्या क्षणी त्याचा कॉपीराइट काढणाऱ्याचा झाला. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही, गोलातला 'सी' लिहावा लागत नाही. १८८६ सालच्या बर्न कराराचं हे मूळ तत्त्व आहे आणि आज १८० हून अधिक देश त्या करारात आहेत. अपवाद मुख्यतः नोकरीत किंवा लेखी कराराखाली काढलेल्या फोटोंचा. तुम्ही हौसेनं काढता, म्हणजे हक्क तुमचा. १९२८ मध्ये याच करारात आणखी एक कलम आलं: फोटोचे पैशाचे हक्क कोणाला विकले तरी 'हे माझं काम आहे' असं सांगण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. कॅलेंडरवर नाव नसणं तुम्हाला पैशापेक्षा जास्त लागलं असेल, तर त्या भावनेला कायद्यातही जागा आहे.

मग साइटच्या त्या लांबलचक अटींत काय असतं? त्यात मालकी लिहून घेतलेली नसते, वापरायचा परवाना घेतलेला असतो. तो जगभर चालतो, त्याचा मोबदला मिळत नाही आणि कंपनी तो पुढे इतरांनाही देऊ शकते. असा परवाना घेतल्याशिवाय साइटला तुमचा फोटो तिच्या यंत्रांवर साठवताच येणार नाही, लहान करून दाखवता येणार नाही. हे मान्य केलं तरी शब्द फार सैल असतात, आणि त्याबद्दल सावध असायलाच हवं. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामनं नव्या अटी जाहीर केल्या, तेव्हा आपले फोटो जाहिरातींसाठी विकले जातील असा अर्थ लोकांनी त्यातून काढला. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत कंपनीला तो मजकूर मागे घ्यावा लागला. तेव्हा अटी बदलल्याचा निरोप आला की न वाचता 'मान्य' दाबू नका. सगळ्या वाचवत नसतील तर 'तुमचा मजकूर' किंवा 'वापरकर्त्याचा मजकूर' अशा मथळ्याखालचे दोन-तीन परिच्छेद तरी वाचाच. फोटो काढून टाकल्यावर परवाना संपतो की नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

पण परवाना सैल असला तरी तो त्या कंपनीला दिलेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलेला नाही. या मुद्द्यावर एक खटला होऊन गेलाय. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा तिथले छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी त्याच दिवशी काढलेले फोटो ट्विटरला जोडलेल्या एका फोटो-सेवेवर चढवले. दुसऱ्या एकानं ते उचलून आपले म्हणून टाकले. तिथून ते एएफपी या वृत्तसंस्थेनं घेतले, गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले, आणि बऱ्याच ठिकाणी नाव छापलं गेलं ते उचलणाऱ्याचं. एएफपीचं म्हणणं होतं की ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला ते वापरायची मुभा होती. २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या न्यायालयानं ते फेटाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीनं ८ फोटोंपोटी मोरेल यांना १२ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. तुम्हाला कॅलेंडरवाल्याकडून असं काही मिळेल असं मी सुचवत नाही. 'साइटवर टाकला म्हणजे सर्वांचा झाला' हा दावा एएफपीसारख्या मोठ्या वृत्तसंस्थेलाही टिकवता आला नाही, एवढंच तुम्हाला माहीत असावं. पुन्हा फोन कराल तेव्हा आवाज कापणार नाही.

खरं तर फोन करूच नका, लिहा. त्याआधी पुरावा गोळा करा. कॅलेंडरची एक प्रत मिळवा, निदान त्याचा नीट फोटो घ्या, छापणाऱ्याचं नाव त्यात दिसू द्या. तुमच्या साइटवरच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. आणि सगळ्यात भक्कम गोष्ट तुमच्या कपाटातच असणार: मूळ फाइल. तुम्ही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद, ठेवत असाल तर फारच उत्तम, कारण नेटवरून फोटो उचलणाऱ्या माणसाकडे ती असूच शकत नाही. त्याहून बोलका पुरावा म्हणजे त्या सकाळचे आगेमागे काढलेले फोटो. जाळ्याचे पाच-सात फोटो तुम्ही नक्की काढले असतील, एखादा हललेला, एखाद्यात वाऱ्यानं दव सांडलेलं. आपण ते निरुपयोगी म्हणून पुसून टाकतो. आजपासून पुसू नका. एक फोटो कोणीही पैदा करेल, पण त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा फोटो तिथे बसलेल्या माणसाकडेच असतो.

पत्रात चिडू नका आणि विनवणीही करू नका. मी साधारण असं लिहिलं असतं: "आपल्या कॅलेंडरवरचा कोळ्याच्या जाळ्याचा फोटो माझा आहे. तो मी अमुक तारखेला काढला असून मूळ फाइल माझ्याकडे आहे. तो छापण्याची परवानगी आपण घेतलेली नाही. उरलेल्या प्रतींवर आणि यापुढच्या छपाईत माझं नाव यावं, आणि झालेल्या वापराचं योग्य मानधन मिळावं. किती प्रती छापल्या ते पंधरा दिवसांत कळवावं." तुम्हाला पैसे नको असतील तर ते वाक्य वगळा, पण आधी मनाशी ठरवून वगळा, संकोचानं नको. प्रतींचा आकडा मात्र विचाराच. दोनशे प्रती आणि वीस हजार प्रती यांत फरक आहे, आणि मानधनाचा हिशेब त्यावरच होतो. उत्तर आलंच नाही, किंवा उर्मट आलं, तर तुमच्या देशातला कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून नोटीस पाठवता येते. बर्न करारामुळे हक्क आपोआप मिळतो हे खरं, पण तो वसूल करायच्या रीती देशोदेशी वेगळ्या आहेत. अमेरिकेसारख्या देशात वेळेत नोंदणी केली असेल तर भरपाईची बाजू बरीच बळकट होते. म्हणून नोटीस देण्याआधी हा सल्ला घ्यावा.

हाच फोटो एखाद्या साइटवर दिसला असता तर रस्ता सोपा होता. बहुतेक मोठ्या साइटवर 'कॉपीराइट तक्रार' असा अर्ज असतो. त्याचा साचा अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून आलेला आहे: तुमचा फोटो कोणता, तो परवानगीशिवाय कुठे दिसतो त्या पानाचा नेमका पत्ता, तुमचा संपर्क आणि माहिती खरी असल्याचं निवेदन. साइट तो फोटो काढून टाकते. समोरच्यानं 'हा माझाच आहे' असं लेखी उलट कळवलं आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर त्या कायद्यानुसार १० ते १४ कामाच्या दिवसांत फोटो परत वर येऊ शकतो. तुमचं नाव समोरच्याला कळू शकतं, हेही ध्यानात ठेवा. आणि स्वतःचा नसलेल्या फोटोसाठी हा अर्ज कधीच करू नका, खोट्या तक्रारीची जबाबदारी अंगावर येते. फोटो कुठे कुठे फिरतोय ते पाहायला फोटोवरूनच शोध घेता येतो. टिनआय ही सेवा २००८ पासून आहे, गूगलवरही २०११ पासून ही सोय आहे. महिन्यातून एकदा आपले सर्वात लाडके दहा फोटो तिथे टाकून पाहा. रोज पाहू नका, मन फोटो काढण्यातून उडून पहारा देण्यात अडकतं.

आता तुमच्या मुलाच्या सल्ल्याबद्दल. फोटोभर आडवं नाव मला पटत नाही. तुमच्या फोटोतला सगळा जीव बारकाव्यात आहे, दवाचा थेंब आणि तुटका धागा. त्यावर जाड अक्षरं आली की चोराच्या आधी रसिकाची वाट अडते. शिवाय ती अक्षरं वाटतात तितकी पक्कीही नसतात. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकाच ठशाचा वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर उमटवलेलं नाव किंवा खूण, शेकडो फोटोंवर सारख्याच पद्धतीनं लावलेला असेल, तर संगणक ते सगळे फोटो ताडून नेमका ठसा शोधतो आणि सफाईनं पुसून टाकतो. ठसा प्रत्येक फोटोत किंचित वाकवला, तर पुसणं अवघड जातं, हेही त्यांनीच सांगितलं. खाली कोपऱ्यात लहानसं नाव टाका, ते छानच. त्यानं चोरी थांबत नाही, कारण कोपरा कापायला क्षणही लागत नाही. पण प्रामाणिक माणसाला तुमच्यापर्यंत पोचता येतं, आणि जगात प्रामाणिक माणसं जास्त आहेत. राइट-क्लिक बंद करण्याच्या युक्तीवर मात्र वेळ घालवू नका, स्क्रीनशॉट घ्यायला राइट-क्लिक लागत नाही.

मला खरी ग्यानबाची मेख दिसते ती आकारात. कॅलेंडरवर तुम्हाला तो धागा स्पष्ट दिसला, म्हणजे छापणाऱ्याच्या हाती चांगली मोठी फाइल लागली होती. बहुतेक सोशल मीडिया फोटो चढवताच लहान करतं. पण फोटो-साइट पुष्कळदा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतात आणि 'कोणीही उतरवू शकेल' हे सेटिंग चालू असतं. आजच जाऊन तपासा. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा निघतो, म्हणजे २० इंच रुंद छापण्याइतका. तोच फोटो लांब बाजूला १२०० पिक्सेल करून टाकलात तर मोबाइलवर आणि संगणकावर देखणा दिसतो, पण नीट छापायचा तर ४ इंचांच्या वर जात नाही. १५ इंचांच्या पानावर ताणला तर इंचाला ८० च पिक्सेल उरतात आणि धागा विरघळून जातो. हल्ली सॉफ्टवेअर लहान फोटो मोठा करून देतं खरं, पण गेलेला तपशील ते अंदाजानं भरतं, आणि मूळ फाइल शेजारी ठेवली की फरक उघडा पडतो. यात एक चूक पुष्कळ जण करतात. फाइलमध्ये '३०० डीपीआय'च्या (इंचाला किती ठिपके, त्याचा आकडा) जागी '७२ डीपीआय' लिहितात आणि फोटो लहान झाला असं समजतात. तो आकडा म्हणजे नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल तेवढेच राहतात. पिक्सेल कमी करा.

लहान फाइल निर्यात करताना तिच्या पोटात तुमचं नाव भरा. प्रत्येक फोटो-फाइलमध्ये न दिसणारी माहिती असते. कॅमेरा स्वतः लिहितो ती एक्झिफ: तारीख, वेळ, लेन्स, आणि चालू असेल तर ठिकाणही. आपण लिहायची ती आयपीटीसी: कर्ता, कॉपीराइटची ओळ, परवान्यासाठी संपर्काचा पत्ता. फोटो-संपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे एकदा भरून ठेवलं की पुढे प्रत्येक फोटोत आपोआप जातं. स्वतःच्या वेबसाइटवर फोटो असेल आणि परवान्याचा पत्ता भरलेला असेल, तर २०२० पासून गूगलच्या फोटो-शोधात 'परवाना घेता येईल' अशी खूणही दिसू शकते. अनेक सोशल मीडिया आणि मेसेंजर ही माहिती चढवताना पुसून टाकतात. त्यामुळे एकट्या मेटाडेटावर, म्हणजे फाइलच्या पोटातल्या या माहितीवर, विसंबून चालत नाही, पण भरायला पैसाही पडत नाही. ठिकाणाचं मात्र उलटं करा: घरट्याच्या फोटोतून ते आठवणीनं काढा. नेमका अक्षांश-रेखांश पाहून चार जण कॅमेरे घेऊन पोचले, तर पाखरं घरटं सोडून जाऊ शकतात. घरात काढलेल्या फोटोतूनही काढा, कारण तुमचं दार कुठे आहे ते जगाला कळायचं कारण नाही.

एवढं झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो, आणि तो चोरांबद्दलचा नाही. तुम्हाला काय द्यायचंय? तुमच्या पत्रात 'सगळे काढून टाकू की तसेच राहू देऊ' असे दोनच पर्याय आहेत. मधली जागा मोठी आहे. एखाद्या शिक्षकानं धड्यात तुमचं फुलपाखरू दाखवलं, खाली तुमचं नाव लिहिलं, तर तुम्हाला आवडेल ना? मग तसं लिहून ठेवा. यासाठीच क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं २००२ मध्ये तयार परवाने काढले. साध्या भाषेत चार अटी आहेत. कर्त्याचं नाव द्या, ही सगळ्या परवान्यांत आहे. धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका, आणि बदल केलात तर तुमचंही काम याच अटींवर खुलं करा, या तीन अटी हव्या तशा जोडता येतात. फक्त शेवटच्या दोन एकत्र येत नाहीत. 'धंद्यासाठी नको' ही अट लावली तरी तुम्ही स्वतः तो फोटो विकू शकता, अट वापरणाऱ्यावर असते. तुमच्या कॅलेंडरवाल्याला ती अट आडवी आली असती. पण मग विकिपीडिया हा ज्ञानकोश जिथून फोटो घेतो, त्या विकिमीडिया कॉमन्सवर तो फोटो घेणार नाहीत. तिथे व्यापारी वापरालाही मोकळे असलेलेच फोटो चालतात. फुलपाखराचा फोटो ज्ञानकोशात जावा अशी इच्छा असेल, तर तेवढा एक फोटो मन मोठं करून द्या, नऊ वर्षांचा साठा नको.

हे परवाने देताना घाई नको, कारण ते मागे घेता येत नाहीत. उद्या तुम्ही पान काढून टाकलंत तरी ज्यानं आज अटी पाळून फोटो घेतला त्याचा हक्क कायम राहतो. अमेरिकेतल्या छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी भेट दिले. २०१५ मध्ये त्यांना एक पत्र आलं: तुमच्या संस्थेच्या वेबसाइटवर आमचा फोटो आहे, १२० डॉलर भरा. फोटो त्यांनी स्वतः काढलेला होता! छायाचित्रं विकणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यांच्या फोटोंवर पैसे घेत होत्या. त्यांनी खटला भरला, पण कॉपीराइटचा दावा टिकला नाही, कारण त्यांनी ते हक्कच सोडून दिले होते. मला त्यांच्या दानाबद्दल आदर आहे आणि त्या पत्राबद्दल चीड आहे. पण निदान 'नाव द्या' एवढी एक अट तरी हातात राखावी, असं मी प्रत्येकाला सांगते.

तुमच्यासारख्यांचं सर्वात मोठं नुकसान मी कुठे होताना पाहिलं असेल, तर ते स्पर्धांत. मी स्वतः त्यात सापडले आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका छायाचित्र स्पर्धेला बारा फोटो पाठवले. एकालाही बक्षीस नव्हतं. दोन वर्षांनी त्यातला एक त्याच आयोजकांच्या माहितीपत्रकावर पाहिला, नाव नाही, निरोप नाही. भांडायला गेले तर त्यांनी नियमावलीतलं अकरावं कलम पुढे केलं: आलेल्या सर्व प्रवेशिका वापरण्याचा कायमचा हक्क आयोजकांचा. सही माझीच होती. तो फोटो माझ्या वडिलांच्या हातांचा होता. आजही तो मला मोकळ्या मनानं पाहता येत नाही. म्हणून स्पर्धेचे नियम शेवटापासून वाचा. हक्क फक्त विजेत्या फोटोंवर घेतलाय की सगळ्या प्रवेशिकांवर? फक्त स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी की कशाहीसाठी? किती वर्षं? नाव देणार आहेत का? 'सर्व प्रवेशिका' आणि 'कायमस्वरूपी' हे शब्द एकत्र दिसले की माझा सल्ला एकच आहे, पाठवू नका. बक्षिसाची रक्कम कितीही असो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात. काही साइट तुमचे फोटो यंत्रांना शिकवायला वापरतात आणि नकाराचं बटण सेटिंगमध्ये खोल दडवून ठेवतात. ते शोधून बंद करा. नंतर बंद केल्यानं आधी शिकवलेलं पुसलं जात नाही, म्हणून आजच करा. फोटो कोणी आणि कशानं काढला याची सहीबंद नोंद फाइलमध्ये ठेवण्यासाठी सी२पीए नावाचं मानक २०२१ पासून आकार घेतंय, काही नव्या कॅमेऱ्यांत ते आलंही आहे. पुढचा कॅमेरा घेताना त्याची चौकशी करा.

आणि आता आजी. तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंत. माझं मन मात्र तिथेच अडकून राहिलं. 'फोटो तर माझाच आहे ना?' हो, कॉपीराइट तुमचा आहे. पण चेहरा आजींचा आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीनं आपल्या जाहिरातीत अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलीचा फोटो वापरला. छायाचित्रकारानं तो फ्लिकर या फोटो-साइटवर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यानं टाकला होता आणि त्या परवान्यात व्यापारी वापराला मुभा होती. पण मुलीला कोणी विचारलंच नव्हतं. बसथांब्यावरच्या जाहिरातीत तिचा चेहरा लागलाय हे तिच्या घरच्यांना नंतर कळलं. त्यांनी अमेरिकेत दावा लावला, तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला. पण एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळून चुकली: छायाचित्रकार आपला हक्क देऊ शकतो, फोटोतल्या माणसाचा देऊ शकत नाही. म्हणून व्यावसायिक लोक फोटोतल्या माणसाकडून लेखी संमती घेतात, आणि जाहिरातीच्या वापराला ती अनेक देशांत लागतेच.

तुम्ही आजींना विचारलं असेल, "फोटो काढू का?" त्या हो म्हणाल्या असतील. पण त्या हो म्हणाल्या तुम्हाला, त्या खिडकीशी, त्या दुपारी. हजारो अनोळखी लोकांना तो दाखवायला त्यांनी हो म्हटलं होतं का? कॅलेंडरवाल्यानं तुमच्या बाबतीत जे केलं ते तुम्हाला बोचलं, कारण तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता पुढे गेली. नातीला तेच बोचलं असणार. तुम्ही आणि तो छापणारा सारखे आहात असं मी म्हणत नाही, तुमच्या मनात लोभ नव्हता आणि सांगताच तुम्ही फोटो काढून टाकलात. तो काढून टाकलात हे फार चांगलं केलंत.

आता आजींकडे जा. तो फोटो चांगल्या कागदावर छापून घेऊन जा, त्यांच्यासाठीच. नातीलाही बसवून घ्या. मग मोबाइलवर दाखवा की तो टाकला तेव्हा कसा दिसत होता, खाली लोकांनी काय लिहिलं होतं, कोणीही तो पाहू शकत होतं आणि उतरवूनही घेऊ शकत होतं. आजींना नेट म्हणजे काय ते नीट माहीत नसेल तर सांगा, घाई करू नका. त्या नको म्हणाल्या तर फोटो भिंतीवर राहू द्या आणि नेटवर जाऊ देऊ नका. हो म्हणाल्या तर कुठे टाकायचा, किती दिवस ठेवायचा, त्यांचं नाव लिहायचं की नाही, उद्या कोणी छापायला मागितला तर काय सांगायचं, ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि एका कागदावर लिहून दोघींनी सही करा. त्यांचं मन बदललं तर कधीही सांगता येईल, हेही त्यात लिहा.

कॅलेंडरवाल्याचं काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा. आणि त्या सकाळचे बाकीचे फोटो, हललेले सुद्धा, आधी एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

तुमची,
ताई